पट दिवसा, नाटक रात्री

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनच्या तीनच शर्यती झाल्या, २०११ ते २०१३. फॉर्म्युला वन गेली, पण बांधलेला ट्रॅक उरला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीतील शंकरपटाचे तसे नाही. धान निघून मोकळ्या झालेल्या शेतात धावपट्टी आखायची, बैलजोड्या पळवायच्या आणि पावसाळ्यात तिथेच पुन्हा चिखल करून रोवणी करायची. अशा मैदानाचा इतिहास शोधायचा कुठे? माझ्या मते, रात्रीच्या नाटकात.

पटासाठी घरोघर पाहुणे येतात. दिवसा जोड्या पळतात; रात्री पाहुण्यांसाठी मंडपात नाटक. पटाने प्रेक्षक जमवला, त्यावर झाडीपट्टी रंगभूमी पोसली. वडसा (देसाईगंज) हे आज तिच्या मंडळ्यांचे केंद्र आहे. २०२३ मध्ये या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. आर लावलेल्या तुतारीची टोचणी खोटी नव्हती. ती झाकून पटाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या काळातही झाडीपट्टीत नाटके होत राहिली. पटाने जमवलेली माणसे पटाविनाही एकत्र बसू शकली. म्हणून पटाचा इतिहास लिहिताना मी जिंकलेल्या जोडीबरोबरच त्या रात्रीच्या नाटकाचे नावही टिपून घेतो.