एका गळ्यातलं गोकुळ

रेडिओवर बोलण्याची एक सोय असते. माझा चेहरा तुम्हाला दिसत नाही. आवाज कानाला ओळखीचा झाला, की चेहरा तुम्हीच आपापल्या मनाने तयार करता. आज ज्या लोकांबद्दल बोलणार आहे, त्यांचा सगळा संसार याच सोयीवर चालला.

लहानपणी मी घरात अब्बांशी दखनी बोलायचो, गल्लीत मराठी, आणि शाळेत गुरुजींसमोर तिसराच सूर लावायचो. अम्मी म्हणायची, उंबरा ओलांडला की हा दुसऱ्याच पोराचा आवाज काढतो. त्यामुळे एका गळ्यात दोन-तीन माणसं नांदतात, याचं मला कधी नवल वाटलं नाही. पण ससा, बदक, डुक्कर, बोका आणि त्या बोक्याला खायचा असलेला पिवळा पक्षी, असं सगळं गोकुळ एकाच गळ्यात? वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनपटांतले बग्ज बनी, डॅफी डक, पोर्की पिग, सिल्वेस्टर आणि ट्विटी हे सारे मेल ब्लँक नावाच्या एकाच गृहस्थाच्या तोंडून बोलत, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो.

ब्लँक यांचा जन्म १९०८ चा. ते रेडिओचेच. जॅक बेनी यांच्या गाजलेल्या कार्यक्रमात जुनाट मॅक्सवेल मोटारीची खोकत, धापा टाकत सुरू होण्याची धडपडसुद्धा ते तोंडाने करत. १९३७ च्या सुमारास ते कार्टूनकडे आले आणि पुढची पन्नास वर्षं तिथेच राहिले.

स्टुडिओ पुन्हा पुन्हा त्याच माणसाला का बोलावत? एक कारण कामाच्या पद्धतीत आहे. संवाद आधी मुद्रित होतात आणि चित्रकार ते ऐकत पात्राचं तोंड, भुवया, हातवारे रेखाटतात. म्हणजे आवाज डळमळला तर चित्रही डळमळणार. दुसरं कारण साधं, वाण्याच्या हिशेबाचं. एक माणूस तीन पात्रं करत असेल, तर तिघांना कशाला बोलवायचं?

हा हिशेब खरा पक्का केला तो विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी. ‘टॉम अँड जेरी’ काढणारा एमजीएमचा विभाग १९५७ मध्ये बंद झाला आणि या दोघांनी टेलिव्हिजनसाठी स्वतःचा स्टुडिओ थाटला. टेलिव्हिजनकडे पैसा थोडा. मग चित्रं कमी केली. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे ना, ती काही ऐट नव्हे. कॉलरीमुळे डोकं धडापासून वेगळं काढता येतं. धड तसंच ठेवायचं आणि फक्त डोकं हलवायचं. चित्र असं गप्प उभं राहिलं की सगळा भार आवाजावर आला. तो डॉज बटलर आणि डॉन मेसिक या दोघांनी वाहिला. योगी बटलरचा, तर त्याचा चिमुकला दोस्त बू-बू आणि दोघांवर डाफरणारा रेंजर, हे दोन्ही मेसिकचे!

याच स्टुडिओच्या ‘फ्लिंटस्टोन्स’मध्ये बार्नी रबल हे पात्र ब्लँक यांच्याकडे होतं. जानेवारी १९६१ मध्ये लॉस एंजलिसला त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. सुमारे दोन आठवडे ते बेशुद्ध होते. सांगतात की हाकांना ओ देत नाहीत म्हणून एका डॉक्टरांनी अखेर विचारलं, “काय बग्ज बनी, कसं काय आज?” आणि उत्तर आलं, तेही बग्जच्या आवाजात. काही भागांत बटलरने बार्नी सांभाळला. पुढे ब्लँक प्लॅस्टरमध्ये जखडलेले असतानाच त्यांच्या पलंगाशी मायक्रोफोन लावले गेले आणि ध्वनिमुद्रण झालं.

हे प्रेम म्हणावं की धंदा? मला वाटतं, दोन्ही. प्रेक्षकांचा कान फार हट्टी असतो. १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या जपानी ‘जंगल बुक’च्या हिंदी अवतारात शेरखानला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज होता. २०१६ मध्ये डिस्नेचा नवा ‘जंगल बुक’ हिंदीत आला, तेव्हाही शेरखानसाठी नानाच. वाघ नवा, गुरगुरणं तेच.

आता मला खुपणारी गोष्ट. ब्लँक सांगत, की त्यांनी निर्माते लिऑन श्लेसिंजर यांच्याकडे पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही. म्हणून निदान पडद्यावर नाव तरी द्या, असं ते म्हणाले. १९४४ पासून ते नाव झळकू लागलं. (हा सौदा आम्हा कवींच्या चांगला परिचयाचा आहे. मानधन नाही, पण नाव ठळक छापू!) त्या नावामुळे ब्लँक यांना रेडिओवर आणखी कामं मिळाली. पण बाकीच्यांची नावं पुढे कित्येक वर्षं जवळजवळ नाहीतच. त्यामुळे सारी पात्रं ब्लँकचीच, असा लोकांचा समज झाला.

बग्जचा पाठलाग करणारा बोबडा शिकारी एल्मर फड मात्र आर्थर क्यू. ब्रायन यांचा होता. १९५७ चा ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ हा कार्टूनपट मिळाला तर जरूर पाहा. त्यात एल्मर डोक्यावर शिरस्त्राण चढवून अक्षरशः गात सुटतो. ते गाणं, तो संताप, शेवटचं रडणं, सगळं ब्रायनचं. श्रेयनामावलीत आवाजासाठी नाव आहे ते मेल ब्लँक यांचं. बग्ज त्यांचा, हे खरंच. पण एल्मरच्या तोंडचा ब्लँक यांचा वाटा एका शब्दाचा. वादळांना हाका मारता मारता एल्मर किंचाळतो, “स्मॉग!” तेवढाच.

ब्रायन १९५९ मध्ये वारले. पुढे एल्मरही ब्लँक यांच्याकडेच गेला.