आफ्रिकेतली मुलांची नावं: मामादू, दानजुमा, जुमा आणि आपला अंबर

मुलाचं नाव ठेवायची वेळ आली की घरोघरी तीच ओढाताण. दादीला खानदानातल्या बुजुर्गाचं नाव हवं, आईवडिलांना वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल असं हवं, आणि मामू मोबाईलवर याद्या चाळत बसलेले. हल्ली या याद्यांत ‘आफ्रिकन नावं’ असाही एक प्रकार सापडतो. समोर नाव, पुढे अर्थ : शूर, राजा, सिंह. भाषा कोणती, देश कोणता, याचा काही पत्ता नाही.

आफ्रिका म्हणजे काही एक भाषा नव्हे. तिथे ५४ देश आहेत आणि भाषा दोन हजारांच्या घरात. त्यामुळे नाव आवडलं तरी पहिला सवाल हाच विचारायचा, की हे कोणत्या भाषेतलं? तो विचारला की कळतं, यातली कितीतरी नावं आपल्याच घरातली आहेत, फक्त बोलण्याची लकब वेगळी.

सेनेगल, माली, गिनी या पश्चिमेकडच्या देशांत मामादू म्हणजे मुहम्मद. अमादू म्हणजे अहमद, बुबाकार म्हणजे अबू बकर, अलियू म्हणजे अली. सेकू हे शेख या शब्दाचं रूप. लामिन म्हणजे अल-अमीन, विश्वासू. गांबियात थोरल्या मुलाला हे नाव हमखास ठेवतात. ही नावं ‘बिघडलेली’ आहेत असं तिथे कुणी मानत नाही. आपल्या गावातही इब्राहिमचा इब्राम झाला आणि फातिमाची फातमा झाली, म्हणून कुणाचं काही अडलं नाही. एकच लक्षात ठेवा, मामादू किंवा अमादू कागदावर लिहिताना फ्रेंच वळणाचं स्पेलिंग उचलू नका. शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं झालं की पुढे निस्तरत बसावं लागतं.

नावांमागचा सगळ्यात मोकळा हिशोब आम्हाला हौसा लोकांचा वाटला. उत्तर नायजेरिया आणि नायजर या भागातला हा मोठा मुस्लिम समाज. सातव्या दिवशी नाव ठेवायचं, मेंढा जिबह करायचा, सगळं आपल्या अकिक्यासारखंच. जुळे मुलगे झाले तर हसन आणि हुसैनी, हेही आपल्यासारखंच. पण जुळ्यांच्या पाठीवर जे मूल होतं त्याच्यासाठीही त्यांच्याकडे नाव तयार आहे : गाम्बो. मुलींच्या पाठीवर मुलगा झाला तर टांको. लवल हे अरबी ‘अल-अव्वल’वरून आलं, म्हणजे पहिला, आणि सानी म्हणजे दुसरा. अबू बकर नावाच्या मुलाला लाडाने गार्बा म्हणतात, अब्दुल्लाहीला औदू. मुहम्मद नावाच्या मुलाला बेल्लो आणि उस्मान नावाच्या मुलाला शेहू म्हणतात, त्यालाही कारण आहे. १८०४ मध्ये सोकोटोच्या खिलाफतीची चळवळ उभी करणारे उस्मान दान फोदियो हे लोकांचे ‘शेहू’ म्हणजे शेख, आणि त्यांचे चिरंजीव मुहम्मद बेल्लो. दोनशे वर्षं झाली, बापलेकांची आठवण नावांत टिकून आहे.

आणखी एक रीत वाचून आपल्या सासुरवाशिणींना हसू येईल. नातवाला आजोबांचं नाव ठेवलं की घरात ते नाव घेऊन मुलावर ओरडता येत नाही, अदब आड येते. मग त्याला नुसतं ‘बाबा’ म्हणतात. आपल्याकडेही सासऱ्यांचं नाव मुलाला दिलं की सून त्याला ‘बाबू’, ‘पप्पू’ नाहीतर ‘राजा’ म्हणूनच हाक मारते. आधार कार्ड निघेपर्यंत शेजाऱ्यांना खरं नाव माहीतच नसतं.

आता जुम्याचं बघा. जुम्याच्या दिवशी मुलगा झाला तर हौसात दानजुमा, ‘जुम्याचा लेक’. पूर्व किनाऱ्यावर, टांझानिया आणि केनियात, स्वाहिलीमध्ये नुसतं जुमा. घानातल्या अकान लोकांत शुक्रवारचा मुलगा कोफी आणि शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारचे, घानाचे पहिले नेते क्वामे एनक्रुमा शनिवारचे. अकान वारांच्या नावांचा मजहबशी संबंध नाही, फक्त वार कळतो. (कोफी नाव मात्र आपल्या शाळेत चालायचं नाही. पोरं पहिल्याच दिवशी ‘कॉफी’ करतील.) स्वाहिलीत खमीसी गुरुवारचा, आणि महिन्यांवरून रजबू, शाबानी, रमझानी. ईदेच्या दिवशी जन्मला तर इदी. आपल्या आजोबांच्या पिढीत रमजान, शाबान, जुम्मन असायचेच. आता ती नावं ‘जुनाट’ वाटतात आणि त्याच अर्थाची नावं आपण परदेशी यादीत शोधतो!

नाव अरबीच हवं का, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. अशी अट नाही. अर्थ चांगला असावा, त्यात शिर्क नसावा, मुलाला लाज वाटेल असा नसावा. हुजूर (स.) यांनी वाईट अर्थाची नावं बदलल्याचं हदीसमध्ये आहे. आफ्रिकेतले मुसलमान हेच सांभाळून आपल्या मातृभाषेतली नावंही ठेवतात. बराक ओबामांचे आजोबा केनियातल्या लुओ समाजातले. ते मुसलमान झाले, हुसैन हे नाव घेतलं, पण ओन्यांगो हे जन्माचं नाव सोडलं नाही. त्यांच्या भाषेत ओन्यांगो म्हणजे सकाळी ऊन वर आल्यावर जन्मलेला. मुलाचं नाव त्यांनी बराक ठेवलं, आपल्या ‘बरकत’च्याच घराण्यातलं, आणि तेच पुढे नातवाला मिळालं.

सावध कुठे राहायचं तेही सांगतो. जबारी हे नाव याद्यांमध्ये ‘शूर’ म्हणून फार फिरतं. ते अल-जब्बार याच मुळातलं, आणि अल-जब्बार हे अल्लाहचं नाव आहे. आपण अब्दुल जब्बार ठेवतो ते त्यासाठीच. योरुबा नावांची सुरुवात ओगुन, इफा किंवा शांगोने होत असेल तर त्यात तिथल्या दैवतांचं नाव आहे, ते सोडून द्या. बाबातुंदे म्हणजे ‘वडील परत आले’. आजोबा गेल्यावर जन्मलेल्या नातवाला हे नाव देतात. मायेपोटी ठेवतात हे खरं, पण त्यामागची समजूत पुनर्जन्माची आहे.

आणि आता अंबर. हे नाव आपल्याकडे मलिक अंबरमुळे माहीत आहे. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर, त्यांनी १६१० मध्ये वसवलं. १६२६ मध्ये त्यांचा इंतकाल झाला, मकबरा खुलताबादला आहे. पण अंबर हे त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. हबशात, म्हणजे इथिओपियात, जन्मलेल्या त्या मुलाचं नाव चापू होतं. लहानपणी विकला गेला, एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि बगदादच्या मीर कासिम या मालकाने त्याला अंबर हे नाव दिलं. त्या काळी गुलामांना खुशबू आणि जवाहिरांची नावं देण्याची चाल होती : अंबर, काफूर, याकूत, मर्जान. कानाला गोड, पण मालाला लावलेली. जंजिऱ्याच्या सिद्दींतही याकूत हे नाव सापडतं.

म्हणून अंबर ठेवू नये असं आम्ही म्हणत नाही. त्या माणसाने मुघलांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षं झुंजवून नावाला जी इज्जत मिळवून दिली ती त्याची स्वतःची कमाई. फक्त मुलाने विचारलं, तर ‘सुगंध’ एवढंच सांगून थांबू नका, चापूचंही सांगा.

आफ्रिकेशी नातं सांगणारं पण सगळ्यांच्या ओळखीचं नाव हवं असेल तर बिलाल आहेच. शब्द अरबी, अर्थ ओलावा, गारवा देणारा; नाव मोठं केलं ते हबशी वंशाच्या बिलाल बिन रबाह (रजि.) यांनी. आणि कमी ऐकलेलं हवं असेल तर अस्हमा. मक्केतून गेलेल्या मुहाजिरांना आसरा देणाऱ्या हबशाच्या नजाशी बादशाहाचं हे नाव. नजाशी हा किताब होता. सीरतच्या जुन्या ग्रंथांत त्याचा अर्थ ‘अतिया’, देणगी, असा दिला आहे. आम्हाला हे नाव मनापासून आवडतं, पण उच्चार ‘अस्मा’ होऊन मुलीचं वाटण्याचा धोका आहे, तेव्हा घरात दोन दिवस हाका मारून बघा.

घाई तशीही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नाव ठरलं नसेल तर नोंद नावाशिवाय होते. वर्षभरात नाव घातलं तर फी लागत नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत फी भरून घालता येतं.