परवाना एकाचा, छप्पर दुसऱ्याचे

इंग्लंडात १८३० च्या कायद्याने घरपट्टी भरणाऱ्या कोणाही गृहस्थास दोन गिन्यांत बिअरचे दुकान काढता येऊ लागले. १८६९ मध्ये नवे परवाने मॅजिस्ट्रेटांच्या हाती गेले. परवाना दुर्मिळ होताच बिअर बनविणाऱ्या कंपन्यांनी परवान्याच्या जागाच विकत घेण्याचा सपाटा लावला. दुकानदार कूळ झाला. भाडे मालकाला द्यायचे आणि मालही त्याचाच घ्यायचा! १९५४ च्या कायद्याने व्यापारी भाडेकरूंना पट्ट्याची मुदत संपल्यावरही संरक्षण दिले. मद्यगृहे मात्र वगळली. त्यांना ते मिळण्यास १९९० चा कायदा यावा लागला. मद्याविषयी आमचे मत काहीही असो. कष्टाने जमविलेली गिऱ्हाइकी पट्ट्याबरोबर मालकाच्या पदरात पडावी, हा न्याय आम्हांस पटत नाही.