रायगडास एका दिवसाचा वेढा

रायगड पाहून आलेल्या गृहस्थास गडावर काय काय पाहिलेत असे विचारले, तर राजसभा, नगारखाना, बाजारपेठ, जगदीश्वराचे देऊळ आणि शिवछत्रपतींची समाधी अशी यादी तो भराभर सांगतो. पण गडाच्या पाठीस काय आहे, असे विचारताच तो थबकतो. १९९६ साली रज्जुमार्ग सुरू झाल्यापासून तर ज्यांस चढ झेपत नाही, तेही काही मिनिटांत माथ्यावर पोहोचतात. वृद्धांची आणि बालकांची त्यामुळे मोठीच सोय झाली. मात्र माथा सर्वांच्या परिचयाचा आणि पायथा कोणाच्याच नाही, अशी आज गडाची अवस्था आहे. म्हणून गडाच्या पायथ्याभोवती एका दिवसात घालावयाच्या प्रदक्षिणेविषयी मी आज बोलणार आहे. तिची आखणी कशी करावी हे तर सांगेनच. पण ती आखणी करीत असता इतिहासातील एक जुना प्रश्न कसा उलगडतो, हे दाखविणे हा माझा मुख्य हेतू आहे.

तो प्रश्न असा. १६७३ साली थॉमस निकल्स हा इंग्रजांचा वकील रायगडी आला. धान्याचा साठा असेल तर मूठभर शिबंदीदेखील हा गड साऱ्या जगाविरुद्ध लढवील, असा त्याचा अभिप्राय झाला. असे असूनही गडास पुढे दोन मोठे वेढे पडले आणि दोन्ही वेळा गड शत्रूच्या हाती गेला. पहिला वेढा १६८९ सालचा. मोगलांचा सरदार इतिकादखान मार्चअखेर गडाखाली उतरला आणि गड हाती यावयास ३ नोव्हेंबर उजाडला. म्हणजे सात महिन्यांहून अधिक काळ गेला, आणि एवढे करूनही छत्रपती राजाराम महाराज त्याच्या हातून निसटले ते निसटलेच. दुसरा वेढा १८१८ सालचा. कर्नल प्रॉथर एप्रिलच्या अखेरीस आला आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला. डोंगर तोच, कडे तेच. मग एकास सात महिने आणि दुसऱ्यास सुमारे पंधरवडा, हे अंतर का पडले? याचे उत्तर केवळ दप्तरात शोधून भागत नाही, ते पायांनी शोधावे लागते.

प्रथम डोंगराची ठेवण ध्यानात घेऊ. रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेतीन हजार फूट. काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांनी त्यास भोवतालच्या डोंगरांपासून तोडून वेगळे केले आहे. दक्षिणेस पोटल्याचा डोंगर आहे. तो आणि गड यांच्यामध्ये काळकाईची खिंड आहे. पश्चिमेच्या अंगास पाचाड, जेथे जिजाबाई मातोश्रींचा वाडा होता आणि जेथे त्यांची समाधी आहे. प्रदक्षिणेचा प्रारंभ त्याच बाजूस चित दरवाजापाशी करावा. तेथून रायगडवाडी आणि टकमकवाडी करीत टकमक टोकाच्या खालून वळावे, काळ नदीच्या खोऱ्याकडील रानातून भवानी टोकाचा कडा उजवीकडे ठेवून पुढे जावे, काळकाईची खिंड चढावी आणि हिरकणीवाडीकडे उतरून पुन्हा चित दरवाजापाशी यावे. देवास प्रदक्षिणा घालताना ज्याप्रमाणे देव उजव्या हाती राहतो, त्याप्रमाणे या वाटेने गड सदैव उजव्या हाती राहतो.

ही वाट सुमारे चौदा-पंधरा किलोमीटरांची, म्हणजे नऊ मैलांच्या आसपास आहे. आता आखणीचे गणित पाहू. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम सांगितला. सपाटीच्या दर तीन मैलांस एक तास धरावा, आणि चढाच्या दर हजार फुटांस अर्धा तास अधिक धरावा. सर्व मिळून दोन हजार फूट चढ आहे असे समजले, तर या हिशेबाने आपली प्रदक्षिणा चार तासांत आटोपावयास हवी. प्रत्यक्षात चांगल्या चालणारांसही सहा ते आठ तास लागतात. नियम खोटा नाही. परंतु स्कॉटलंडातील उघड्या माळाच्या डोंगरांसाठी सांगितलेल्या त्या नियमात कारवीचे रान, ओढ्यातील दगडगोटे, पालापाचोळ्याखाली लपलेली वाट आणि कोकणातील घाम यांची गणना नाही. म्हणून सह्याद्रीत या हिशेबाची दुप्पट करावी आणि वर एक तास शिल्लक ठेवावा. हिवाळ्यात उजेड अकरा तासांचा असतो. नऊ तास चालण्यासाठी योजिले, तर निघण्याची वेळ सूर्योदयाचीच ठरते. सकाळी न्याहारी आटोपून नऊ वाजता निघू म्हणणारा मनुष्य काळकाईच्या खिंडीत सायंकाळची सावली पाहतो.

काळाची निवड हीही तितकीच महत्त्वाची आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने उत्तम. मार्चनंतर ओढे आटतात आणि कड्यांच्या काळ्या दगडातून उष्णतेचे लोट येतात. पावसाळ्यात डोंगर अतिशय रमणीय दिसतो, तरी ऐन पावसात ही वाट धरू नये. २२ जुलै २०२१ रोजी याच महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून अनेक कुटुंबे गाडली गेली, हे विसरता कामा नये. सोबत माणशी तीन-चार लिटर पाणी असावे. भाकरी, चटणी, गूळ आणि शेंगदाणे यांपरते दुसरे पक्वान्न नको. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, यास्तव विडी-काडी पेटवू नये. आणि पायथ्याच्या वाडीतील एखादा माहितगार वाटाड्या अवश्य बरोबर घ्यावा. टकमकवाडी मागे पडली की वस्ती विरळ होते आणि गुरांच्या वाटा एकमेकींत मिसळून मनुष्यास फसवितात. मध्यान्हीच्या आत खिंडीचा चढ दृष्टीस पडला नाही, तर मागे फिरावे असा निश्चय निघतानाच करून ठेवावा. असे निश्चय दमलेल्या पायांनी करावयाचे नसतात.

येथवर जी आखणी केली ती एका पांथस्थाची. आता हीच आखणी वेढा घालणाऱ्या सेनापतीच्या दृष्टीने करून पाहा. नऊ मैलांचा हा वाटोळा मार्ग त्याने बंद करावयाचा आहे. दर तीस फुटांवर एक पहारेकरी उभा केला, तर सुमारे सोळाशे माणसे लागतात. रात्रंदिवस तीन पाळ्या धरल्या, तर पावणेपाच हजार माणसे निव्वळ उभी राहण्यासाठी हवीत. त्यांना दाणागोटा पोहोचविणारे आणि तोफा ओढणारे निराळेच. शिवाय दाट रानात तीस फुटांवरचा मनुष्य दिसतोच असे नाही. चित दरवाजासमोर छावणी टाकून बसलेल्या सैन्यास वाटते की आपण गड कोंडला. वस्तुतः त्याने गडाचा केवळ उंबरठा अडविलेला असतो.

गडाचा मार्ग कसा बंद करावा, याची परीक्षा शिवाजी महाराजांनी स्वतःच घेतली होती, अशी एक आख्यायिका आहे. बांधलेल्या वाटेवाचून दुसऱ्या बाजूने, शिडी-दोराच्या साहाय्याविना जो गड चढून येईल, त्यास शंभर होनांची थैली आणि सोन्याचे कडे देऊ, असे त्यांनी जाहीर केले. महार समाजातील एक धाडसी पुरुष खरोखरच चढून आला आणि त्याने माथ्यावर निशाण रोविले. महाराजांनी त्याचा गौरव केला आणि ती वाट बंद करविली. आख्यायिकेचा तपशील कोणी मानो वा न मानो, तीत सांगितलेली रीत मात्र कोणत्याही दुर्गपतीस शोभणारी आहे. आपला गड शत्रूच्या नजरेने, खालून वर पाहून तपासावा, ही ती रीत होय.

आता काळकाईच्या खिंडीकडे चला. या अंगाने गडाच्या तटात वाघ दरवाजा आहे. राजमार्गाने येणाऱ्यास त्याची कल्पनाही येत नाही. त्याच्याखाली तुटलेला कडा आहे आणि तेथून उतरावयाचे तर दोराचाच आधार. संभाजी महाराजांची हत्या ११ मार्च १६८९ रोजी झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस इतिकादखानाचा वेढा पडला, आणि ५ एप्रिल रोजी राजाराम महाराज गडाबाहेर पडले. ते याच वाघ दरवाजाने उतरले असे परंपरा सांगते. वेढ्यास अद्याप पंधरा दिवसही झाले नव्हते आणि वर्तुळ पुरे मिटलेले नव्हते. महाराणी येसूबाई बालशाहूंसह गडावर राहिल्या, गड सात महिन्यांहून अधिक काळ झुंजला, आणि तेवढ्या अवधीत राज्याचे सूत्र प्रथम प्रतापगड, पन्हाळा या बाजूस आणि पुढे थेट जिंजीस जाऊन पोहोचले. येसूबाई आणि शाहू कैदेत गेले, ही त्याची किंमत होती. येसूबाईंची सुटका व्हावयास १७१९ साल उजाडले. मोगलांना गड मिळाला, पण राज्य मिळाले नाही. नऊ मैलांच्या त्या परिघातील एक भाग मोकळा राहिला नसता, तर पुढील इतिहास कोणत्या वळणाने गेला असता, हे सांगणे कठीण आहे.

मग १८१८ साली काय पालटले? प्रॉथरपाशी लांब पल्ल्याचा मारा करणाऱ्या उखळी तोफा होत्या. उखळी तोफेचा गोळा कड्यास धडक देत नाही, तो आकाशातून तटाच्या आत पडतो. काळकाई आणि पोटला यांच्या बाजूने हा मारा झाल्याचे सांगतात. प्रदक्षिणा करणारा मनुष्य खिंडीच्या माथ्यावर उभा राहिला, की त्यास दोन्ही डोंगर समोरासमोर दिसतात आणि पुस्तकातील ओळ एकदम उमजते. गोळ्यांनी गडावरील वाडे पेटले. बाजीराव पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई त्या वेळी गडावर होत्या. मध्ये एकशे एकोणतीस वर्षे गेली, तेवढ्यात कड्यांची उंची कमी झाली नव्हती. समोरचा डोंगर मात्र युद्धाच्या हिशेबात जवळ आला होता. पहिल्या वेढ्यात दरीने गडाचे रक्षण केले, दुसऱ्यात तिच्यावरून गोळा उडून गेला.

म्हणूनच माझे म्हणणे असे की, रायगडाची खरी तटबंदी चिऱ्यांची नव्हे. ती या नऊ मैलांच्या रानाची, दऱ्यांची आणि खिंडींची आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने रायगडासह बारा किल्ले जागतिक वारशात समाविष्ट केले, ते मराठ्यांचा लष्करी भूप्रदेश या नावाने. केवळ इमारतींचा नव्हे, तर भूप्रदेशाचा हा गौरव आहे. तो भूप्रदेश माथ्यावरून एक नजर टाकून कळत नाही.

तरी आपणांपैकी ज्यांचे पाय धड आहेत, त्यांनी येत्या हिवाळ्यात एक दिवस काढावा. आदल्या रात्री पाचाडास मुक्काम करावा आणि नकाशावर वाट रेखून मागे फिरण्याची वेळ तिच्याशेजारी लिहावी. मग पहाटे उठून गडास उजवे घालावे. गडावर त्या दिवशी चढला नाहीत तरी चालेल. दुसऱ्या दिवशी महादरवाजातून आत शिराल, तेव्हा तो दरवाजा तेथेच का बांधला, हे कोणास विचारावे लागणार नाही.