शेंडेनक्षत्राची वाट पाहताना

नवा धूमकेतू सापडल्याची बातमी आली की आपण सारे एकच प्रश्न विचारतो : नुसत्या डोळ्यांनी दिसेल ना? दुर्बीण किती घरी असणार! वराहमिहिराने सहाव्या शतकातच ‘बृहत्संहिते’त सांगून टाकले होते की, केतूंचे उदयास्त गणिताने कळत नाहीत. आज ते गणित चोख बसते. धूमकेतू कोणत्या रात्री कोठे असेल, हे महिनोन्‌महिने आधी सांगता येते. तो किती तेजस्वी दिसेल, हे मात्र अजून छातीठोकपणे सांगवत नाही; आणि आपल्याला हवे असते नेमके तेच.

1973 च्या मार्च महिन्यात हॅम्बुर्गच्या वेधशाळेत लुबोश कोहौतेक यांना एक धूमकेतू सापडला, तोही गुरूच्या कक्षेइतका दूर असताना. इतक्या दुरून दिसतो तर सूर्याजवळ केवढा झळकेल, असा हिशेब झाला आणि ‘शतकातला धूमकेतू’ म्हणून जगभर दवंडी पिटली गेली. प्रत्यक्षात जानेवारी 1974 च्या संध्याकाळी लोकांच्या वाट्याला एक फिकट ठिपका आला. पुढे उमगले ते असे : सूर्याकडे प्रथमच येणाऱ्या धूमकेतूवर चटकन उडून जाणाऱ्या बर्फाचा पातळ थर असतो. तो दूरवरच वाफारतो, धूमकेतू लवकर उजळतो, आणि आपली आशा फुगते.

त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातल्या रेवसच्या धक्क्यावर उभे राहून पाहणाऱ्याची अडचण आपण ध्यानात घेऊ. पश्चिमेला मांडव्याकडची झाडी, वायव्येला मुंबईचे दिवे, क्षितिजालगत खाऱ्या वाऱ्याची धूसर हवा. त्यातून ताऱ्याचे तेज एका बिंदूत असते, धूमकेतूचे पसरलेले. तांब्यातले पाणी अंगणभर शिंपडावे, तसे ते होते. म्हणून छापलेली प्रत तीच असूनही धूमकेतू ताऱ्याहून मंद भासतो.

खरे नुकसान मात्र पुढेच झाले. 1975 च्या नोव्हेंबरात रिचर्ड वेस्ट यांना चिलीतल्या वेधशाळेच्या छायाचित्रांत एक धूमकेतू आढळला. 25 फेब्रुवारी 1976 ला तो सूर्याजवळून गेला, त्याच्या गाभ्याचे चार तुकडे झाले, आणि मार्चच्या आरंभी पहाटे पूर्वेला पंख्यासारखी शेपटी पसरून तो उगवू लागला. रेवसहून पूर्व म्हणजे धरमतरच्या खाडीपलीकडची बाजू. पहाटे होडी लोटणाऱ्याला केवळ मान वळवायची होती. पण दुधाने तोंड पोळलेली वर्तमानपत्रे ताक फुंकत बसली. बातमी फारशी गाजली नाही, आणि त्या शतकातल्या देखण्या धूमकेतूंपैकी एक बहुसंख्य लोकांच्या झोपेतच निघून गेला. कोहौतेकच्या निराशेपेक्षा आम्हांला हीच हानी मोठी वाटते.

2024 साली चक्र उलटे फिरले. त्सुचिन्शान-अ‍ॅटलास हा धूमकेतू 2023 च्या आरंभी सापडला होता. जुलै 2024 मध्ये धूमकेतूंचे जुने जाणकार झ्डेनेक सेकानिना यांनी लिहिले की, तो सूर्याजवळ पोचण्यापूर्वीच विरून जाईल. तो 27 सप्टेंबरला सुखरूप पार झाला, 12 ऑक्टोबरला पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला, आणि कोजागिरीचे चांदणे वाढत असतानाही, सूर्यास्तानंतर अंधाऱ्या जागी पश्चिमेकडे पाहत थांबलेल्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसला.