साथीनंतरची ग्रंथालये : भीती, नियम आणि अनुदान

सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. तिच्या बंदोबस्तासाठी तत्कालीन सरकारने १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार देणारा होता. पुढच्याच वर्षी, साथीचा जोर ओसरला नसताना, मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. माणसे शहर सोडून जात असता काही मंडळी वर्गणी जमवून पुस्तके गोळा करीत होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे मार्च २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने त्याच जुन्या कायद्याचा आधार घेतला, आणि प्लेगच्या काळात जन्मलेल्या संस्थेसह राज्यातील सर्व ग्रंथालयांची दारे बंद झाली.

ग्रंथालय आणि साथ यांचा संबंध केवळ गर्दीपुरता नाही. पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरात जाते. त्यामुळे ते रोगाचे वाहन असावे, अशी शंका एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटन व अमेरिका या देशांत बळावली होती. अमेरिकेतील ओमाहा येथील जेसी ॲलन ही ग्रंथपाल १८९५ मध्ये क्षयाने मरण पावली, तेव्हा एखाद्या पुस्तकातूनच तिला रोग जडला असावा असे अनेकांनी मानले. ब्रिटनमध्ये १९०७ च्या कायद्याने सांसर्गिक रोग झालेल्या व्यक्तीस सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक नेण्यास मनाई केली. कोठे पुस्तकांना वाफ दिली जाई, कोठे रसायनाची धुरी. कालांतराने हे भय ओसरले. पुस्तके हाताळणाऱ्या ग्रंथपालांतच रोगाचे प्रमाण विशेष आढळत नाही, हा साधा युक्तिवाद त्या वादात वारंवार पुढे येई.

हेच भय २०२० मध्ये पुन्हा जागे झाले. मात्र या वेळी ते प्रयोगशाळेत तपासले गेले. अमेरिकेत ओसीएलसी ही ग्रंथालय संस्था आणि बॅटल ही संशोधन संस्था यांनी ग्रंथालयीन साहित्यावर विषाणू किती काळ तग धरतो याचे प्रयोग केले. सुट्या ठेवलेल्या पुस्तकांवर तो तीन दिवसांनंतर आढळला नाही. परंतु पुस्तके एकावर एक रचून ठेवली असता सहा दिवसांनंतरही त्याचे अस्तित्व दिसून आले. परत आलेली पुस्तके काही दिवस अलग ठेवण्याची प्रथा यातून जगभर रूढ झाली. पुढे २०२१ मध्ये पृष्ठभागावरून संसर्ग होण्याचा धोका अत्यल्प असल्याचे मत तेथील आरोग्ययंत्रणेने दिले, तेव्हा या प्रथेचा आधारच सुटला. नियम शास्त्राच्या मागून चालतात, आणि मागे घेतले जाताना अधिकच रेंगाळतात.

महाराष्ट्रात ग्रंथालये उघडण्याची परवानगी १५ ऑक्टोबर २०२० पासून मिळाली. उपाहारगृहे व मद्यालये त्याच महिन्याच्या आरंभी सुरू झाली होती. वाचकांनी हा क्रम कटुतेने नोंदला, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. अंतर, मुखपट्टी, निर्जंतुकीकरण या अटी सर्वत्र सारख्याच होत्या. परंतु त्या पाळण्याचा खर्च सारखा नव्हता. शहरातील मोठ्या संस्थेस स्वतंत्र अभ्यासिका असते. खेड्यातील एका खोलीच्या वाचनालयात वर्तमानपत्रांचे एकच टेबल असते, आणि त्याभोवती अंतर राखणे म्हणजे वाचकांना बाहेर उभे करणे होय. एप्रिल २०२१ मधील निर्बंधांनी जे थोडे सावरले होते तेही पुन्हा थांबले.

तथापि खरा प्रश्न दाराचा नव्हता, द्रव्याचा होता; आणि त्याचे मूळ साथीत नसून ग्रंथालयविषयक कायद्याच्या घडणीत आहे. मद्रास प्रांताने १९४८ मध्ये डॉ. रंगनाथन यांच्या प्रेरणेने जो कायदा केला त्यात ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कर होता. महाराष्ट्राने १९६७ चा अधिनियम करताना तो मार्ग सोडला आणि संस्थांना सहायक अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. या निवडीमागे लोकांनी स्वेच्छेने उभारलेल्या वाचनालयांची महाराष्ट्रातील जुनी परंपरा होती, हे मान्य केले पाहिजे. राज्यात सुमारे बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये उभी राहिली, ती याच पद्धतीच्या बळावर. परंतु कर हा हक्काचा पैसा असतो. अनुदान हे तिजोरीच्या स्थितीवर अवलंबून राहते. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने त्या वर्षीचा खर्च अर्थसंकल्पीय तरतुदीच्या ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला, तेव्हा हा फरक प्रत्ययास आला. एकीकडे वाचक येत नसल्याने वर्गणी आटली, दुसरीकडे हप्त्याचा भरवसा उरला नाही.

यातील सर्वांत हलाखीची स्थिती 'ड' वर्गातील ग्रंथालयांची. त्यांचे वार्षिक अनुदान २०१२ च्या वाढीनंतर ३०,००० रुपये होते. त्यातील निम्मी रक्कम वेतनासाठी धरली, तर ग्रंथपालाच्या वाट्यास महिन्याला १,२५० रुपये येतात. एवढ्या वेतनावरील माणसाकडून पुस्तके अलग ठेवणे, टेबले पुसणे, वाचकांच्या येण्याजाण्याची नोंद करणे इत्यादी कामांची अपेक्षा नियमांनी केली. ती बहुतेकांनी पार पाडली, ती सेवाभावाने. नियमाच्या धाकाने नव्हे. शिवाय १९७० च्या मान्यताविषयक नियमांत ग्रंथसंख्या, सभासदसंख्या व दररोज उघडे राहण्याचे तास यांवर वर्ग ठरतो. ज्या वर्षी शासनानेच दार लावले, त्या वर्षीच्या नोंदवह्यांची पाने रिकामी राहणे अटळ होते.

अखेर २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय घेतला. मधली दहा वर्षे दर बदललेले नव्हते, आणि त्या काळात कागद, वर्तमानपत्रे व वीज यांच्या किमती स्थिर राहिल्या नव्हत्या. या वाढीने 'ड' वर्गाचे अनुदान ४८,००० रुपयांवर गेले. म्हणजे आधीच्याच हिशेबाने ग्रंथपालाचे मासिक वेतन २,००० रुपये.