क्रीडांगण नियोजन
वस्तीतील लोकांची खेळण्याची गरज अजमावून खुल्या मैदानांची जागा, संख्या व आखणी ठरविण्याची पद्धती. नुसती खेळाडूंची मोजदाद पुरत नाही; मैदान नाही म्हणून न खेळणारे त्यात दिसतच नाहीत. मुली व वृद्ध बहुधा याच गटात असतात. प्रकाश, स्वच्छतागृह आणि सुरक्षित वाट नसेल, तर जवळचे मैदानही त्यांच्यासाठी लांबच.

जागेचा हिशेब खेळानुसार बदलतो. पुरुषांच्या कबड्डीला १३ × १० मी. अंगण पुरते, फुटबॉलला सुमारे १०५ × ६८ मी. लागते, म्हणजे पन्नासहून अधिक कबड्डी-अंगणांएवढे. मावळतीचे ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून मैदानाची लांबी साधारणतः दक्षिणोत्तर ठेवतात. कोकणपट्टीत निचरा आधी पाहावा लागतो.

मुंबईच्या आझाद मैदानात क्रिकेटच्या २२ खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या यष्टीरक्षकाशेजारी उभा दिसतो. ही काटकसर कौतुकाची खरी, पण मागणी जागेपेक्षा किती मोठी आहे तेही ती सांगते. १९४८ पासूनची कांगा लीग ही मुंबईतील क्रिकेट स्पर्धा तर ऐन पावसाळ्यात खेळली जाते. तिच्यासाठी ओल्या खेळपट्ट्यांची देखभाल हाच नियोजनाचा मुख्य भाग ठरतो.